महेशभावजींचा हेडफोन आणि माझा घसा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबड्या फिरून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे पान कोणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. माझी ती सवयच आहे. कोणाच्या घरी गेले तरी उंबऱ्याबाहेर आधी माफी मागते, मग चपला काढते.

तुळशीचं लग्न होऊन गेलं. ते झालं की पनवेलच्या गावठाणांतून हळदीचे स्पीकर सुरू होतात. एक आवाज करंजाड्याकडून येतो, एक खाडीकडून, आणि आमचं घर दोघांच्या मध्ये. टॉवरांच्या फटीतून वारा येतो, तो आता गार लागतो. संध्याकाळी त्यात तळोज्याच्या कारखान्यांचा उग्र वास असतो. पण एखाद्या घरामागे पोपटी लावली असेल, तर मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास त्या उग्र वासाच्याही वर येतो. मग मला मागचा हिवाळा आठवतो आणि डोकं तापतं.

आज सकाळी तर जास्तच तापलं. मी तांदूळ पाखडत होते. माझे धाकटे दीर महेशभावजी शेजारच्या खोलीतून आले आणि म्हणाले, "वयनी, डबा हायच आता आपल्याकडं. याच्याहून भारी हेडफोन बघून ठेवलाय मी. घेऊ का?"

मी सूप खाली ठेवलं. मी कधीच काही बोलत नाही. पण त्या सुपातले सगळे तांदूळ भावजींच्या डोक्यावर अक्षता म्हणून टाकावेत असं वाटलं.

मी धवलारीण आहे. आमच्यात लग्न गाऊन लागतं. मांडव घालायचा, उंबराची फांदी आणायची, तेल लावायचं, हळद लावायची, प्रत्येक कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. माझ्यासारखी लाजरी बाई हे कसं करते, असं लोक विचारतात. धवला गाताना कोणाकडे बघायचं नसतं, समोरच्या तांदळाकडे बघायचं. आपण गातो आहोत हेही विसरायचं. आणि आवाज चढवायचा नाही. देवांना लग्नाला बोलवायचं असतं, हाकलायचं नसतं. एका सुरात, श्वास जाईल तिथपर्यंत ओळ न्यायची आणि हळूच खाली ठेवायची. बाया आपोआप पुढे सरकून ऐकतात. निदान तेव्हा तरी ऐकायच्या.

मागच्या वर्षी सुमनताईच्या थोरल्या मुलीचं लग्न माघात ठरलं. सुमनताई आमच्या बचत गटाची अध्यक्ष, माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते. पण हळदीच्या त्याच दिवशी मी उरणकडच्या एका घरी शब्द दिलेला. सुमनताई दारात बसूनच राहिली.

"बाय, मी आता काय करू? माज्या पोरीची हळद मुकी लागंल काय?"

मी म्हटलं, दुसरी कोणी बघा. ती म्हणाली, "दुसरी कोन हाय आता? तू नाय तर नाय, तुजा आवाज तरी दे."

हे महेशभावजींनी ऐकलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

भावजींचा वीस वर्षं स्पीकर-मंडपाचा धंदा होता. आता डीजेवाले आले, त्यामुळे धंदा बसला, पण ताठा उभाच आहे. तालुक्यातली अशी एक जत्रा नाही जिथे माझा भोंगा वाजला नाही, असं ते पाहुण्यांना पाण्याच्या आधी सांगतात. ते म्हणाले, "घरात साउंडवाला बसलाय आन तुमी रडता कशाला? आपन रेकॉर्डिंग करू. मार्गशीर्ष-पौष हाताशी हाय." दोन दिवसांनी बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतून ते एक जुना हेडफोन घेऊन आले. काळा, मोठा, कानावर मखमलीच्या उशा, वायर पीळ घातलेली. डोक्यावर चढवून आरशात बघून आले. माईक त्यांच्याकडे होता, कंप्युटर माझ्या मुलीचा, दीपालीचा. ती द्रोणागिरीला गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघते. ती सकाळी जाते, अंधार पडता येते. म्हणून दुपारी मी आणि भावजी.

त्या दुपारी आठवल्या की अजून घाम येतो. पंखा बंद. खिडकी बंद. दाराला गोधडी. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. आमचे हे रात्रपाळी करून तळोज्याहून आलेले, तर त्यांनी घोरायचं नाही म्हणून त्यांना ओटीवर पाठवलेलं. वरून विमान गेलं की थांबायचं. विमान गेलं की कोंबडा. कोंबडा थांबला की भंगारवाला. आणि हे सगळं थांबलं की मी ओळ उचलायची, आणि भावजींनी हात वर करायचा.

"वयनी, आवाज येत नाय."

"गातेय की."

"गाता तुमी, पन कानात मुंगी चालल्यासारका येतोय. वरती घ्या."

मी वरती घेतला. मुंगीचा मुंगळा झाला, एवढंच. भावजींनी कंप्युटरचा आवाज पूर्ण केला, माईकचाही कान पिळला, तरी हात वरच. पहिल्या दिवशी मी गायले होते ते नेहमीसारखं, तांदळाकडे बघून. ते त्यांनी 'ट्रायल' म्हणून बाजूला ठेवलं. त्यानंतरचं सगळं मी भिंतीकडे बघून ओरडले. धवला ओरडून गायला की तो भांडण वाटतो. वराच्या आईला शिव्या घातल्यासारखा.

चार-पाच दिवसांनी भावजी हेडफोन गळ्यात टाकून फार गंभीर आवाजात म्हणाले, "वयनी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज बसलाय."

मी वाईट वाटून घेतलं नाही. मी खरं मानलं. हेच मला आता सगळ्यात जास्त चिडवतं. माझा गळा माझ्याजवळ, तो दुखत नव्हता, बसला नव्हता, पहाटे देवापुढे नीट चालत होता. तरी मी त्या काळ्या उशांचं ऐकलं, स्वतःचं नाही. ज्येष्ठमध चघळलं. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या. लोणचं सोडलं, सुकट सोडली, चिंच सोडली. आणि कोणीतरी म्हणालं वाल वातुळ असतो, म्हणून पोपटी सोडली.

पोपटी. वर्षातून एकदा शेंगा भरतात. मडक्याला आतून पाला लावायचा, शेंगा, मीठ, ओवा भरायचा, तोंड पाल्याने गच्च करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. उघडलं की जी वाफ येते तिच्यासाठी मी वर्षभर थांबते. त्या हिवाळ्यात सगळं घर मडक्याभोवती बसलेलं, बोटं भाजत शेंगा सोलत होतं, आणि मी बाजूला कोमट पाणी पीत होते. हेडफोनपायी. अजून मला ते पटत नाही.

दीपाली रविवारी घरी असायची. ती कंप्युटरसमोर बसली की घरात भांडणाचा मंडप पडायचा.

"काका, ही पट्टी लाल होतेय. आवाज कमी नाही, जास्त झालाय."

"लाल-हिरवा सिग्नलवर बघायचा. साउंडवाला कानानं बघतो."

"पण कान ज्यावर ठेवलाय तोच कमी ऐकवतोय ना. हेडफोनवर बघ, तीनशे ओहम लिहिलंय. माझ्या मोबाईलच्या इयरफोनला बत्तीस."

"मग? म्हनजे तुज्याहून किती भारी हाय बघ."

"भारी नाही, जड. कंप्युटरचा जोर पुरत नाही याला. मध्ये ॲम्प्लिफायर लागतो."

यावर भावजी उठून उभे राहिले. "ॲम्प्लिफायर? मना सांगतेस तू? माज्या खोलीत रचून ठेवलेत. दोन मानसं लागतात उचलायला."

"ते भोंग्यांचे, काका. त्याला लावलास तर हेडफोन जळेल. हा छोटा असतो. हाताएवढा."

"हाताएवढा ॲम्प्लिफायर म्हनजे खेळना."

मग दीपालीने तो हेडफोन ऑफिसच्या कंप्युटरला लावून बघितला. तिथे थोडा बरा आवाज आला, पण पुरेसा नाही. झालं. भावजी म्हणाले, बघ, म्हणजे दोष कंप्युटरचा, हेडफोनचा नाही. ती म्हणाली, मी दुसरं काय सांगतेय? ते म्हणाले, मग कंप्युटर बदल. पनवेलच्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, नुसतं ऐकायचं असेल तर शांत खोलीत चालून जातं, काम करायचं असेल तर तो छोट्या ॲम्प्लिफायरचा डबा घ्या. दोघंही हेच वाक्य घेऊन घरी आले आणि दोघांनीही आपणच जिंकलो असं धरलं. मी मध्ये चहा ठेवत होते. तीन कप चहा आणि एक भांडण, असे किती रविवार गेले.

आमचे हे एकदा ओटीवरून म्हणाले, "या घरात आता दोनच आवाज. एक बसलेला, एक फाटलेला." सगळे हसले. मीही हसले, पण माझा बसलेला, म्हणून तोंडावर पदर धरून.

ओहम म्हणजे काय, ते मी एकदा भांडी घासताना दीपालीला विचारलं. ती म्हणाली, अडथळा. मग थोडं थांबून म्हणाली, "आई, करंजाड्याला आत्याच्या बिल्डिंगमध्ये खालची टाकी भरलेली असते, पण चौथ्या मजल्यावर नळाला थेंब येत नाही. पाणी कमी नसतं, वर चढायला जोर नसतो. म्हणून पंप. तुझा आवाज टाकीत भरपूर आहे. काका चौथ्या मजल्यावर बादली घेऊन बसलाय."

मला एकदम कळलं. नणंदेच्या घरी मी स्वतः त्या कोरड्या नळाखाली हात धरून उभी राहिले आहे. पण कळून काय उपयोग? बाहेर जाऊन भावजींना सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं. मी तवा आणखी जोरात घासला.

माघ आला. दीपाली कामावर असताना भावजींनी पेन ड्राइव्ह स्वतः डीजेवाल्याच्या हातात दिला. कंप्युटरच्या स्पीकरवर आधी ऐकून घे म्हणून तिने बजावलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. फाटकं वाटलं, तर म्हणाले, एवढ्याशा स्पीकरवर सगळंच फाटकं लागतं. मी उरणकडे दुसऱ्याच हळदीत होते. तिथे आपोआप नेहमीसारखं गायले, छान झालं, आणि मला वाटलं, आज देवाने सांभाळून घेतलं.

घरी आले तर गल्लीत कोणी माझ्याशी बोलेना. सुमनताईच्या अंगणात माझा आवाज मोठ्या स्पीकरवर लागला आणि पत्रा फाडल्यासारखा बाहेर आला. नवरीने कानावर हळदीचे हात ठेवले म्हणे, केसांना हळद लागली. सुमनताईने बंद करायला सांगितलं आणि हळद शेवटी मुकीच लागली. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. ती म्हणाली, "असंदे बाय. वय होतं सगल्यांचंच."

दोन-तीन दिवसांनी दीपाली ऑफिसमधून आली ती चप्पल न काढताच माझ्याजवळ आली. भावजींनी बाजूला ठेवलेली ती पहिली 'ट्रायल' तिने मोबाईलवर घेतली होती, येताना बसमध्ये ऐकली होती. तिने आपल्या साध्या इयरफोनचं एक बोंड माझ्या कानात घातलं.

मी माझा आवाज त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. लग्नाचे व्हिडिओ असतात, पण त्यात मी उठून जाते. आता जाता येईना, तो कानातच होता. कोणीतरी बाई गात होती. तिला घाई नव्हती. ओळ लांब जात होती, थोडी थरथरून खाली बसत होती, बांगडी वाजत होती, मागे आमचा कोंबडा. आवाज बसलेला नव्हता. मला पुन्हा ऐकव म्हणावंसं वाटलं, पण लाज वाटली. दीपालीने न विचारताच पुन्हा लावलं.

भावजींना ऐकवलं तर म्हणाले, "असल्या शेंगदान्यात काय कलतं? माज्या हेडफोनात ऐकू आला तर मानीन." तोपर्यंत गल्लीत सगळ्यांना त्यांनीच सांगितलेलं, की वयनीचा आवाज बसलाय. म्हणजे माझा घसा बरा आहे की नाही, हे आता त्या तीनशे ओहमवर अडकलं होतं.

डबा मी आणला. कोणी सांगितलं नव्हतं. दीपालीचा पगार घराच्या स्लॅबला लागत होता, म्हणून मी बचत गटातून कर्ज घेतलं. गटात नियम आहे, कर्ज कशाला हवं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मी उभी राहिले. हेडफोन, कंप्युटर, ॲम्प्लिफायर, यातला एक शब्द मला त्या बायांसमोर नीट उच्चारता आला नसता. मी म्हटलं, "गान्याचं काम हाय..." आणि पुढे अडले. शेजारची रंजना मदतीला आली. "घशाचं औषद ना गो?"

आणि मी मान हलवली.

सुमनताईने खाली बघितलं. पैसे मिळाले. पण त्या दिवसापासून जे नुसतं बोललं जात होतं ते ठरूनच गेलं. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाखात शेजारच्या गल्लीत मांडव पडला, तरी मला बोलावणं आलं नाही. बाया दारावरून जाताना प्रेमाने विचारायच्या, "घसा कसा हाय?" मी म्हणायचे, बरा आहे. त्या म्हणायच्या, "जप." असं वाटायचं, डबाच डोक्यावर आपटून घ्यावा.

डबा खरंच हाताएवढा होता. काळा, पुढे एकच गोल बटण. दीपालीने कंप्युटर आणि हेडफोन यांच्यामध्ये तो जोडला, ती पहिली ट्रायल लावली. भावजी मांडी घालून बसले, डोळे मिटले, चेहरा असा की आता परीक्षकच. दीपालीने बटण फिरवलं. भावजींनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं. मी तिथेच होते, तोंड मिटून. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"मागं कोंबडा वरडतोय," ते म्हणाले.

दीपाली म्हणाली, "आणि?"

"बांगडी वाजते वयनीची."

"आणि, काका?"

भावजींनी हेडफोन काढला, उशा हाताने पुसल्या आणि म्हणाले, "डबा चांगला हाय."

बस. वयनी, माझं चुकलं, एवढं म्हणायला किती जोर लागला असता? त्याला कुठला डबा मिळतो का, ते दीपालीला विचारायला हवं. एक सबंध हिवाळा गेला, पोपटी गेली, सुमनताईच्या मुलीची हळद मुकी गेली, आणि शेवटी कौतुक डब्याचं.

आता मी शांत डोक्याने विचार करते, की तो डबा लागतच होता का? त्या हेडफोनला लागत होता, यात शंका नाही. त्याच्याशिवाय तो खरं बोलत नव्हता. पण तो हेडफोनच लागत होता का? दीपालीच्या साध्या बोंडांनी बसमध्ये बसून खरं सांगितलंच होतं की. ते ऐकायला घरात कोणी तयार नव्हतं, आम्ही मायलेकी सोडून, आणि आम्ही मोजण्यात नव्हतो.

मात्र भावजींचं एक सांगायला हवं. त्यांना डब्याचा इतका अभिमान चढला, की जो येईल त्याला ते ऐकवू लागले. त्यांच्याकडे ऐकवायला दुसरं होतं काय? माझा धवला. पावसाळ्यात एके दिवशी पिशवीत कंप्युटर, डबा, हेडफोन भरून ते सुमनताईकडे गेले. सुमनताईनेच मला नंतर सांगितलं. ती शेंगदाणे निवडत होती. भावजींनी विचारलंसुद्धा नाही, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाले, "डबा ऐक."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा कवाचा रे, महेस?"

"तुज्या पोरीच्या हळदीच्या टायमाचा. पयला केलेला."

"मंग हा का नाय लावलास, मेल्या?"

भावजी म्हणे डब्याचं बटण पुसत बसले.

तुळशीच्या लग्नानंतर पहिलीच हळद निघाली ती सुमनताईच्या धाकट्या मुलीची. ती स्वतः दारात आली, ओंजळभर तांदूळ आणि नारळ घेऊन. म्हणाली, "पेन डायव नको. तू ये." मी गेले. तिने डीजेवाल्याला जेवायला बसवलं होतं, धवला संपेपर्यंत उठायचं नाही म्हणून. मी तांदळाकडे बघितलं आणि गायले. बाया पुढे सरकल्या. कोणाचा तरी गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. दाराशी भावजी उभे होते, कानावर काही नाही. मागल्या अंगणात सुमनताईने पोपटी लावली होती, यंदाच्या पहिल्या कोवळ्या शेंगांची. मी पोट दुखेपर्यंत खाल्ली.

काल गटाची बैठक होती. हळदीच्या दक्षिणेचं पाकीट मी उघडलंही नव्हतं, तसंच सुमनताईपुढे ठेवलं. रंजना शेजारीच होती. ती प्रेमाने म्हणाली, "शेवटचा हप्ता ना गो? घसा बरा झाला ना एकदाचा?"

मी उभी राहिले. कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"घसा बिघडलाच नव्हता," मी म्हटलं. "डबा आनला होता."

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. "कसला डबा?"

"हेडफोनचा. भावजींच्या." पुढचं मला सांगता येईना, पण आवाज मात्र मागच्या भिंतीपर्यंत नीट पोचला होता.

सुमनताई तोंडावर पदर धरून हसत होती. तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, रबर लावलं आणि पेटीत टाकल्या. पेटीला कुलूप घालून म्हणाली, "बस खाली, बाय. तुजं आता काय एक देनं राह्यलं नाय."